वळणावरचा धोंडा

रिटायर झालेल्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक रद्दी आणि दुसरे किस्से. रद्दी महिन्याला विकता येते. किस्से कोणी घेत नाही. सुनेला सांगायला बसलो की तिला कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि नातवाला सांगायला बसलो की त्याचा क्लास असतो. मग ते आपले एकावर एक बसत राहतात. गंमत म्हणजे वरचे, अलीकडचे, मला धड आठवत नाहीत. मागच्या मंगळवारी बँकेत काय झालं ते विचारू नका. पण अगदी तळाचे, बेळगावच्या त्या लॅबमधले, जसेच्या तसे आहेत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबला सरकारी काम मिळालं. निपाणीजवळ वडाचा ओढा म्हणून एक ओढा आहे. त्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना होता आणि त्याचं सगळं पाणी ओढ्यात यायचं. सगळे रंग मिसळून ओढा कायम काळा. पाणी वाहून जायचं, पण रंगातलं विष तळाला बसायचं. तो गाळ तपासायचा, विष कुठे आणि किती खोल आहे ते सांगायचं, एवढं आमचं काम. त्यावरून सरकार ठरवणार होतं की गाळ कुठला काढायचा.

आम्ही चौघे होतो. सर, म्हणजे आमचे प्रमुख. लॅबचा अटेंडंट मल्लाप्पा, घरी कन्नड आणि बाहेर जे समोर येईल ते. नारायण कांबळे, निपाणीचा, त्याच ओढ्याकाठच्या वस्तीत वाढलेला. आणि मी, बेळगुंदीचा पाटील. आता सर नाहीत. नारायणही नाही. मल्लाप्पाला ऐकू येत नाही. किस्सा सांगताना "तसं नव्हतं रं, असं होतं" म्हणणारा एक तरी माणूस समोर लागतो. तो नाही म्हणून चुकलं तर चुकलं, तुम्ही समजून घ्या.

*

पहिला किस्सा माझ्या वडिलांचा. नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन बेळगुंदीला गेलो. आप्पा गोठ्यात होते.

"काय काम हाय?" त्यांनी विचारलं.

"गाळ तपासायचा."

आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. आमच्याकडे दर उन्हाळ्यात तळ्याचा गाळ गाड्या भरभरून शेतात नेतात. गाळ म्हणजे पुढच्या चार वर्षांचं पीक.

"गाळ तपासत्यात व्हय?" ते म्हणाले. "घालत्यात की."

मी त्यांना समजावून सांगितलं की हा वाईट गाळ आहे, विषारी आहे. त्यांना ते पटेना. माती वाईट असते हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, "पोरगं एम.एस्सी. झालं, आता चिखलात खेळतंय. पाच वर्साचा असताना मारलं नसतं तर तवाच शिकला असता."

*

मल्लाप्पा हिंडलग्याचा. बेळगावच्या बाहेर कोणाला हिंडलगा म्हटलं की तुरुंगच आठवतो. निपाणीत पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर मालकानं त्याला विचारलं, "पावणं कुठलं?"

"हिंडलगा."

मालकानं त्याच्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. मल्लाप्पाच्या मिशा भारी होत्या. "सुटून कवा आलासा?" त्यानं हळूच विचारलं.

"सुटतोय कुठलं री," मल्लाप्पा म्हणाला. "रोज संध्याकाळी परत जावं लागतंय. बायको हाय तिथं."

पुढे दोन वर्षं त्या टपरीवर आम्हाला सगळ्यांच्या आधी चहा मिळाला.

*

आता आक्कांचं सांगतो. आक्का म्हणजे नारायणची आई. सगळी वस्ती आक्का म्हणायची, नारायणसुद्धा. ओढ्यावरून येताना त्यानं पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा त्या उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. पान कापायचं, तंबाखू पसरायचा, वळायची, दोरा गुंडाळायचा. बोलताना हाताकडे बघायच्या नाहीत.

"कुठलं गं हे पोरगं?" त्यांनी नारायणला न विचारता शेजारच्या शेवंताबाईंना विचारलं. शेवंताबाई दाराला दार लागून राहायच्या आणि त्यांना सगळं माहीत असायचं.

"बेळगुंदीचा पाटील हाय म्हणं," शेवंताबाई म्हणाल्या.

आक्कांचे हात थांबले. तेवढ्यापुरतेच, पण थांबले. "चा पिशील न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"पितो की," मी म्हटलं. पहिला कप प्यालो, चांगला होता म्हणून दुसरा मागितला. परतताना नारायण म्हणाला, "दोन प्यालास ते बरं केलंस. एकच प्याला असतास तर आक्काला वाटलं असतं, भिडेखातर प्याला." मी त्याला सांगितलं की मला खरोखरच चहा आवडला होता. तो म्हणाला, "ते तुला माहीत. आता तिलाबी झालं."

त्या दिवशी धोंड्याचं कळलं. गावाच्या बायका धुण्याला वरच्या पायऱ्यांच्या घाटावर जात. पूर्वी तिथं वस्तीच्या बायकांना बसू देत नसत. म्हणून वस्तीचं धुणं खाली, ओढ्याच्या वळणावर. तिथं एक मोठा काळा सपाट धोंडा होता. आक्का आणि शेवंता एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीत आल्या आणि तेव्हापासून त्या एका धोंड्यावर शेजारी शेजारी बसून धुणं धूत आल्या. त्यावर दोघीच मावत, त्याही नीट नाही.

"सरक सरक म्हणून हिनं माझा जीव खाल्ला," शेवंताबाई म्हणाल्या.

"पसरून बसती म्हशीवाणी, मग सरक न्हाय तर काय म्हणायचं?" आक्का म्हणाल्या.

कारखाना आला, वळणावर गाळ साठत गेला आणि धोंडा त्याखाली गेला. नळ आले होते, पण वाकळा काय नळावर धुवायच्या? आणि खरं सांगायचं तर वाकळांचाही प्रश्न नव्हता. त्या दोघींना बसायला जागा उरली नव्हती. पुढे आम्ही जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा आक्का नारायणला जेवलास का विचारायच्या आधी विचारायच्या, "धोंडा कवा निघंल रं?"

नारायण म्हणायचा, "निघंल आक्का." तो दुसरं काही म्हणू शकत नव्हता, कारण सरकारनं आधीच सांगितलं होतं की गाळ एकाच जागेचा निघेल. वरच्या घाटाचा किंवा खालच्या वळणाचा. आमचा अहवाल बघून ठरवणार होते.

*

गाळ ठेवायला बाटल्या मिळेनात तेव्हा सरांनी घरून लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या आणल्या. एक एक करून सगळ्या आणल्या. वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, वाटत राहिलं की बरण्या माळ्यावर आहेत.

कैऱ्यांचे दिवस आले तेव्हा वहिनी थेट लॅबमध्ये आल्या. टेबलावर त्यांच्या नऊ बरण्या ओळीनं, दादरे बांधून. वहिनींनी एकीचा दादरा सोडला, आत बघितलं आणि परत बांधला.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

मल्लाप्पा घाबरून म्हणाला, "धुऊन देतो री वहिनी, ॲसिडनं लख्ख करतो."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "आता ह्यात लोणचं घातलं तर मला तो गाळ वाटेल. आणि तुमच्या सरांचा नेम नाही, त्यांना गाळ लोणचं वाटेल."

त्या वर्षी सरांच्या डब्यात लोणचं आलं नाही.  डबा खाताना त्यांची खुर्ची हळूहळू बरण्यांच्या कपाटाकडे वळायची. एकदा नारायणनं विचारलं, "सर, काय बघताय?" सर म्हणाले, "काही नाही रे. नुसती बरणी बघितली तरी तोंडाला पाणी सुटतं."

*

निपाणीहून बरण्या बसनं बेळगावला न्यायच्या. एकदा गर्दीची बस मिळाली. पुढे बसलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले. कंडक्टर आला.

"लोणचं काय?" त्यानं विचारलं.

"गाळ," नारायण म्हणाला.

कंडक्टरला ते खोटं वाटलं. त्यानं एक झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि बराच वेळ वर आलाच नाही. मग झाकण लावून त्यानं आमच्या चौघांकडे पाळीपाळीनं बघितलं.

"ह्ये कुणासाठनं न्हेताय?"

"बेळगावला हापीसात दाखवायचं हाय," मी म्हटलं. "मोठ्या साहेबांना."

"साहेब ह्येचा वास घेणार?"

"घ्यावाच लागंल की."

कंडक्टरचा चेहरा एकदम खुलला. सामानाचं तिकीट फाडायला काढलं होतं ते परत पेटीत ठेवलं. "मग बसा निवांत," तो म्हणाला. "बरणीचं तिकीट नको. साहेबापतोर एवढं तरी पोचलं पायजे." आणि पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवून त्यानं बरण्यांना जागा करून दिली.

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत. एका सोमवारी नारायण लॅबमध्ये उशिरा आला. शेवंताबाई गेल्या होत्या. आठ दिवसांचा ताप. गाळाशी त्याचा काही संबंध नव्हता, असेल तर आम्हाला सांगता येणार नव्हतं.

पुढच्या फेरीला आम्ही आक्कांकडे गेलो. बिड्या वळणं चालू होतं. शेजारच्या दाराला कडी. आक्का आमच्याशी बोलल्या, चहा केला, मला दोन कप दिले. धोंड्याचं मात्र विचारलं नाही. इतक्या फेऱ्यांत पहिल्यांदाच विचारलं नाही. नारायणला ते सोसेना. तो आपणहून म्हणाला, "धोंडा निघंल आक्का. अहवाल झालाय, सरांनी पाठवलाबी."

आक्का दोरा गुंडाळत होत्या. "तवर थांबायला काय झालतं तिला?" त्या म्हणाल्या.

 आक्कांना माहीत नव्हतं ते मला आणि त्याला माहीत होतं. अहवाल गेला होता, पण तो वळणाच्या बाजूचा नव्हता.

*

आता आमच्या गाढवपणाचा किस्सा. हा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बरण्यांत असायचा तो सुटा गाळ. थर बघायला गाळ काढायची आमची पद्धत अशी. तीन फुटांचा पाइप गाळात उभा दाबायचा आणि वर ओढायचा. पाइपच्या आत गाळाचे थर जसेच्या तसे लागलेले असतात, खाली जुना, वर नवा. लॅबमध्ये आल्यावर दांडक्यानं तो एका लांब लाकडी पन्हळीत ढकलून काढायचा, सोऱ्यातून शेव काढतात तसा. ओला असताना सगळा काळा. वाळला की रंग दिसायला लागतात. वळणाचा गाळ वाळला की अर्धा तांबडा आणि अर्धा निळा दिसायचा. विष होतं ते निळ्यात.

ओढ्यावर पाइप भरायचं काम माझं. दोन्ही टोकांना बूच मारून एका टोकाला मी लाल दोरा बांधायचो. लॅबमध्ये उघडायचं काम नारायणचं. तो दोरा बघून पाइप मांडायचा. त्याच्या मांडणीप्रमाणे निळा खाली आला आणि तांबडा वर. म्हणजे विष जुनं, खोल गाडलं गेलेलं, आणि त्यावर बरा गाळ बसत चाललेला. नारायणनं तीनतीनदा तपासलं. त्याला हवं होतं ते उत्तर येत नव्हतं, पण आलं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. अहवालात सरांना लिहावं लागलं की वळणावरचं विष आपोआप झाकलं जातंय, त्याला हात लावू नये. मग उरला वरचा घाट. सही करताना नारायणचा हात कसा चालला असेल ते मी आजही सांगू शकत नाही.

शेवंताबाई गेल्यानंतर महिन्याभरानं नारायणनं अशी एक वाळलेली पन्हळ निपाणीला नेली. लेक नक्की काय काम करतो हे आक्कांना कधी कळलं नव्हतं, ते दाखवावं म्हणून. उंबऱ्यापाशी ठेवली. लाल दोरा एका टोकाला तसाच होता. "वळणावरचा गाळ हाय आक्का," तो म्हणाला. "ह्ये तळ, ह्ये वर."

आक्कांनी सूप खाली ठेवलं. पन्हळीकडे बघत राहिल्या.

"निळं तळाला कसं?" त्या म्हणाल्या.

"तसंच हाय. आधी निळं आलं, मग तांबडं."

"कोण म्हणतं? आदी तांबडं आलं. शेवंताच्या दाल्ल्याचं धोतार गुलाबी झालतं, चार दिस घराभाईर पडला न्हाय त्यो. तू सातवीत हुतास, पुस्तकातनं डोकं कुठं वर काढत हुतास? निळं कुठलं तवा? निळं तू मॅट्रिक होऊन शिकायला भाईर गेल्यावर आलं. सगळ्या वस्तीला ठावं हाय."

नारायण माझ्याकडे वळला. "दोरा कुठल्या टोकाला बांधतोस तू?"

"वरच्या," मी म्हटलं. मला प्रश्नच कळेना. पोत्याला दोरी तोंडाशी बांधतात. भाताचं असो, भुईमुगाचं असो, दोरी दिसली की ते वरचं टोक. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं.

नारायणनं आक्कांच्या सुपातली एक बिडी उचलून माझ्यापुढे धरली. बिडीचं पेटवायचं ते डोकं, ते वर. दोरा असतो तो ओठाकडच्या टोकाला, खाली. ज्याचं लहानपण दोरे गुंडाळण्यात गेलं, त्याला दोरा दिसला की ते खालचं टोक. दोन वर्षं आम्ही एकमेकांना विचारलं नव्हतं, कारण दोघांनाही वाटत होतं की ह्यात विचारायचं काय!

"म्हंजे उलटं हाय व्हय?" आक्का म्हणाल्या. "मग सुलटं करा की. रडताय कशाला?"

नारायण खरंच रडत होता. मीही.

*

सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. आम्ही पुन्हा पाइप मारले, ह्या वेळी वरच्या टोकाला मल्लाप्पानं रंगानं 'वर' अशी पाटीच रंगवली, आणि आक्कांचं खरं निघालं. विष वरती होतं आणि दर वर्षी वाढत होतं.

बैठक निपाणीत होती. घाटाचं काम जवळजवळ नक्की झालेलं. सर उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "आमचा अहवाल उलटा आहे."

"चुकीचा आहे?" साहेबांनी विचारलं.

"आकडे सगळे बरोबर आहेत. फक्त डोकं खाली आणि पाय वर आहेत."

एवढ्या माणसांसमोर सर असं सांगतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. त्यांची आयुष्यभराची अब्रू त्या कागदावर होती. साहेब वैतागले. कोणी तरी हसलं. साहेबांनी विचारलं, ही चूक काढली कोणी, बाहेरचा कोणी एक्स्पर्ट आणला होता का?

"आणलाय," सर म्हणाले आणि दाराकडे हात केला. आक्का दाराशी उभ्या होत्या. नारायणनं आणलं नव्हतं, त्या आपणहून आल्या होत्या.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग सरांकडे. "ह्यांचं क्वालिफिकेशन?"

"लग्न होऊन आल्यापासून ह्या त्याच पाण्यात कपडे धुतायत," सर म्हणाले. "आम्ही दोनच वर्षं तिथं जातोय."

 साहेबांनी टोपण काढलेलं पेन पुन्हा बंद केलं आणि घाटाचा कागद बाजूला सारला. मल्लाप्पा माझ्या कानात म्हणाला, "आता बरणीचा वास दाखवू काय री ह्येंना?"

*

वळणाचा गाळ निघणार ठरलं. त्याआधी कारखान्याचं पाणी अडवलं गेलं आणि गाळ टाकायला कारखान्याच्याच आवारात सिमेंटचा मोठा खड्डा बांधला. कामाच्या पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तर ओढ्याकाठी बैलगाड्यांची रांग. आसपासचे शेतकरी. गाळ निघतोय म्हटल्यावर कोण घरी बसेल?

"पाटील, तू बोल," सर म्हणाले. "तुझं ऐकतील."

पहिल्या गाडीवर तातोबाअण्णा म्हणून एक म्हातारा होता. मी सांगितलं की अण्णा, हा गाळ विषारी आहे. तो आप्पांसारखाच माझ्याकडे बघत राहिला. "माती कुठं वाईट असती व्हय रं? कुणाचा तू?"

मल्लाप्पानं लॅबमधून दोन कुंड्या आणल्या होत्या. एकीत साधी माती, तिच्यात मेथी हिरवीगार. दुसरीत हा गाळ, त्यात नुसतं बी पडलेलं. तातोबाअण्णा गाडीवरून उतरला. दुसऱ्या कुंडीत बोट घालून त्यानं एक दाणा बाहेर काढला, तळहातावर ठेवून बघितला.

"मेथी न्हाय उगवली?" तो म्हणाला. "मेथी तर वाटंवर सांडली तरी उगवती."

त्यानं गाडी वळवली. मागच्या सगळ्यांनी वळवल्या. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर तातोबाअण्णा पन्नास पावलांवर थांबला आणि ओरडून म्हणाला, "खड्डा कुठं हाय? गाडी जोडलीच हाय तर चार खेपा टाकून जातो." त्याच्या मागनं बाकीचेही थांबले. दोन दिवस त्यांनी गाळ वाहिला, आपल्या शेतात नव्हे, त्या खड्ड्यात.

बेळगुंदीला जाऊन आप्पांना हे सांगितलं.  ते म्हणाले, "माती वाईट न्हवती रं. केली कुणीतरी." त्यानंतर त्यांनी माझ्या नोकरीची चेष्टा केली नाही. मला त्या चेष्टेची आठवण येते.

*

वळणाचा गाळ निघायला पंधरा दिवस लागले. रोज संध्याकाळी नारायण आक्कांना विचारायचा, "येतीस काय बघायला?" त्या म्हणायच्या, "निघाल्यावर येतो. चिखल काय बघायचा?"

एका सकाळी मल्लाप्पाची पहार कशाला तरी लागली आणि आवाज आला. सगळ्यांनी फावडी टाकून हातानं गाळ ओढायला सुरुवात केली. सर धोतराचा काचा मारून उतरले होते. दुपारपर्यंत धोंडा उघडा झाला. काळा, सपाट, वर दोन खोलगट जागा. दोन बायका बसून बसून पडलेल्या. आम्ही तो घागरीनं पाणी ओतून ओतून धुतला. सरांनी मात्र त्यावर कोणाला धुवायला बसू दिलं नाही. पुढे पाऊस पडून गेला, ओढ्याला नवं पाणी आलं, आम्ही धोंड्याभोवतीचा गाळ पुन्हा तपासला. बरणीत विष निघालं नाही तेव्हा सर नारायणला म्हणाले, "जा. आईला बोलव."

आक्का आल्या. डोक्यावर वाकळांचं गाठोडं, अंगावर ठेवणीतलं लुगडं. धुण्याला कोणी ठेवणीतलं लुगडं नेसतं का?  आम्ही चौघे काठावर उभे होतो. वस्तीच्या दोन-चार पोरी आल्या होत्या, त्याही वरच थांबल्या.

आक्का पाण्यात उतरल्या. धोंड्यावर हात फिरवला. मग उजवीकडच्या खोलगट जागेत बसल्या, वाकळ पाण्यात बुडवली, पिळली, धोंड्यावर टाकली आणि धुवायला लागल्या. डावीकडची जागा रिकामी होती. धोंडा चांगला लांबरुंद, एकटीला कितीतरी पुरला असता. पण त्या अंग चोरून, कडेला बसल्या होत्या.

दोन-तीनदा आपटून झाल्यावर त्यांनी मान वर न करता डावं कोपर जरासं बाहेर काढलं.

"सरक गं शेवंते," त्या म्हणाल्या. "किती जागा लागती तुला."

आणि थोडं थांबून स्वतःच सरकून बसल्या.